तलवार म्यान करणाऱ्यांची गोष्ट : चिनी तलवारपट आणि आपला वऱ्हाड

(अमरावती आणि अकोला इथं दिलेल्या दोन व्याख्यानांचं हे एकत्र शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं जोडली आहेत.)



आजचा विषय फलकावर वाचून काही जण गालातल्या गालात हसले असतील. चिनी तलवारबाजीचा सिनेमा, आणि तोही आपल्या वऱ्हाडात बसून? या दोन गोष्टींचा संबंध काय? मला तासाभरात तोच संबंध दाखवायचा आहे. त्याची सुरुवात मात्र चीनपासून नको, आपल्या भाषेपासून करू.

आपण म्हणतो, अमक्या पुढाऱ्याने आक्रमक पवित्रा घेतला. हा पवित्रा आला कुठून? आखाड्यातून. वार करण्याआधी पाय कसे टाकायचे, अंग कसं वळवायचं, तो पवित्रा. आपण म्हणतो, हिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. हा पट्टा म्हणजे दांडपट्टा. आणि भांडण मिटलं की आपण म्हणतो, दोघांनीही तलवारी म्यान केल्या. म्हणजे तलवार आपल्या कमरेवरून गेली, पण जिभेवर राहिली. यातला तिसरा वाक्प्रचार आज लक्षात ठेवा. तलवार म्यान करणं. मला ज्या चिनी सिनेमाबद्दल बोलायचं आहे, त्याचा जीव या एका क्रियेत आहे.

वूश्या म्हणजे काय

चिनी मारामारीचा सिनेमा म्हटलं की आपल्याला ब्रूस ली आठवतो. तो कुंग-फूचा सिनेमा. त्यात हातापायांची लढाई, आणि काळही बहुतेक अलीकडचा. तलवारीचा, जुन्या राजवटींचा, दरबारी कारस्थानांचा सिनेमा वेगळा. त्याला चिनी भाषेत म्हणतात ‘वूश्या’. ‘वू’ म्हणजे शस्त्र, युद्ध. ‘श्या’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द मला सापडलेला नाही. वीर म्हणावं, तर आपला वीर सहसा कुणा राजाच्या बाजूने लढतो. पुंड म्हणावं, तर पुंडाला नीती नसते. श्या म्हणजे असा माणूस, जो दिलेल्या शब्दासाठी, दुसऱ्यावरच्या अन्यायासाठी जीव धोक्यात घालतो, आणि कुणाच्याही पदरी नोकरीला नसतो.

ही कल्पना फार जुनी आहे. सिमा च्येन हा चीनचा थोर इतिहासकार, इसवी सनापूर्वीचा. त्याने आपल्या इतिहासग्रंथात राजांबरोबर मारेकऱ्यांची चरित्रं लिहिली, आणि अशा भटक्या शूरांचीही लिहिली. त्यातली सगळ्यांत गाजलेली कथा चिंग खऽ याची, मराठीत सोपं करून जिंग के म्हणू. इसवी सनापूर्वी २२७ साली हा जिंग के छिन राज्याच्या राजाला मारायला दरबारात गेला. भेट म्हणून त्याने एक गुंडाळलेला नकाशा नेला होता. नकाशा उलगडत गेला आणि शेवटच्या घडीतून विषारी खंजीर बाहेर आला. वार चुकला, जिंग के मारला गेला. राजा वाचला आणि पुढे तोच अखंड चीनचा पहिला सम्राट झाला. आता बघा, हरलेल्या माणसाची गोष्ट दोन हजार वर्षं टिकली. का? कारण तिच्यात एक प्रश्न अडकून राहिला आहे. तो वार बसला असता, तर बरं झालं असतं की वाईट?

दोन सरकारं, एक भीती

आता आपण सिनेमाकडे येऊ. १९२८ साली शांघायमध्ये एक मूकपट निघाला, ‘लाल कमळ मंदिराचं दहन’ असं त्याच्या नावाचं भाषांतर करता येईल. लोक इतके वेडे झाले की तीन वर्षांत त्याचे अठरा भाग निघाले. आज त्याची एकही प्रत उरलेली नाही. पण त्याने लाट आणली. आणि १९३१ साली तिथल्या राष्ट्रवादी सरकारने अशा सिनेमांवर बंदी घातली. कारण असं दिलं गेलं की हे सिनेमे अंधश्रद्धा पसरवतात. पण सरकारच्या कायद्याबाहेर न्याय करणारी माणसं रोज पडद्यावर टाळ्या घेतात, हे कोणत्या सरकारला आवडेल?

त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? १९२३ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ काढला. ह. ना. आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून. रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, आणि त्या काळात ती मोठी गोष्ट होती. पुढे १९३० साली प्रभात कंपनीने मूकपट काढला. शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः शांतारामबापूंनी केली. नाव ठेवलं होतं ‘स्वराज्याचे तोरण’. इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला ‘स्वराज्य’ हा शब्द पडद्यावर नको होता. मग नाव झालं ‘उदयकाल’.

म्हणजे १९३० साली मुंबईत इंग्रज सरकार आणि १९३१ साली चीनमध्ये चिनी सरकार. एक परकं, एक स्वकीय. दोघांनाही पडद्यावरच्या लाकडी तलवारीची भीती वाटली. असं का, हे समजायला आपण अमरावतीकडे वळू.

१८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला मनाई होती. तलवारसुद्धा त्यात आली. पण विद्या कशी काढून घेणार? १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. लाठी, मल्लखांब, लेझीम, फरीगदगा, हे सगळं व्यायाम म्हणून शिकवता येत होतं. फरीगदगा म्हणजे काय? हातात छोटी ढाल, आणि तलवारीच्या जागी चामड्याने मढवलेली काठी. काठी असली तरी पवित्रा तलवारीचाच. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथं कबड्डीसारख्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. ज्या गावाला तलवार ठेवायची परवानगी नव्हती, त्या गावातली मुलं युरोपात जाऊन आपली अंगविद्या दाखवून आली.

तेव्हा आखाड्यातली काठी आणि पडद्यावरची तलवार या दोन्ही गोष्टी एकच आठवण जपत होत्या, की आम्हाला लढता येत होतं. सरकार घाबरलं ते त्या आठवणीला.

वाटा कुठे फुटल्या

इथपर्यंत आपली आणि चीनची गोष्ट बरोबरीने चालली. पुढे वाटा फुटतात.

मराठी ऐतिहासिक चित्रपटात तलवार कुणाची, हा प्रश्न कधी पडत नाही. ती स्वराज्याची. भालजी पेंढारकरांचे सिनेमे आठवा. ‘नेताजी पालकर’, ‘थोरातांची कमळा’, ‘छत्रपती शिवाजी’, ‘पावनखिंड’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’. अलीकडचे ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’ बघा. नायकाला एकच अडचण असते: काम अवघड आहे, माणसं थोडी आहेत, रात्र कमी आहे. काम करावं की नाही, ही अडचण नसते. कारस्थान आपल्याकडेही आहेच. भालजींनी १९४३ साली ‘बहिर्जी नाईक’ काढला, तो हेराचा सिनेमा. पण हा हेर वेष बदलतो, निष्ठा बदलत नाही. प्रेक्षकालाही ती शंका येत नाही.

हा दोष म्हणून मी सांगत नाहीये. १९३० साली पारतंत्र्यातल्या माणसाला तलवार कुणाची याचं स्पष्ट उत्तर हवंच होतं. बापूंनी आणि भालजींनी ते दिलं.

चिनी तलवारपट मात्र दुसऱ्या प्रश्नावर वाढला. आज्ञा कुणाची मानायची? १९६७ साली तैवानमध्ये किंग हू या दिग्दर्शकाने ‘ड्रॅगन इन’ केला. काळ मिंग राजवटीचा, साल १४५७. दरबारातल्या एका खोजा सरदाराने एका प्रामाणिक मंत्र्याला देहदंड दिला आहे, आणि त्याच्या मुलांना सीमेवर हद्दपार केलं आहे. आता त्या मुलांनाही वाटेत संपवायचं आहे. सीमेवर एक सराई आहे. सरकारी मारेकरी तिथं आधीच येऊन बसतात. मग एकेक वाटसरू येतो. हा कोण? त्यांचा की आपला? सिनेमाचा मोठा भाग माणसं नुसती बसलेली असतात. चहा येतो, दारू येते, नूडल्सचा वाडगा येतो. वाडगा कसा पकडला, यावरून समोरच्याला कळतं की गडी तयारीचा आहे. तलवार निघते तेव्हा दोन मिनिटांत विषय संपतो. ताण सगळा तिच्या आधीचा.

मग २००२ साली चांग यीमोने ‘हीरो’ केला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल, जेट ली आहे त्यात. त्याचं बीज जिंग केच्याच गोष्टीत आहे. एक अनाम योद्धा छिनच्या राजापासून दहा पावलांवर पोचतो. मारू शकतो. आणि शेवटी मारत नाही. का? कारण दुसऱ्या एका योद्ध्याने त्याला वाळूत दोन अक्षरं लिहून दाखवलेली असतात, ज्यांचा अर्थ ‘आकाशाखालचं सगळं’, म्हणजे सगळा देश. लढाया थांबायच्या तर हा एकच राजा सगळ्यांना एकत्र आणू शकतो, म्हणून त्याला जगू द्यावं. अनाम योद्धा तलवार म्यान करतो, आणि राजा त्याला बाणांनी मारवतो. वर इतमामाने अंत्यविधी करतो.

दिसायला तो सिनेमा अप्रतिम आहे. पण त्यावर टीकाही खूप झाली, आणि मला ती रास्त वाटते. हुकूमशहाला याहून सोयीची गोष्ट कोणती? शहाण्या माणसाने देशासाठी बंड सोडून द्यावं, आणि वर मरणही पत्करावं! म्हणजे तलवार म्यान करणं नेहमीच थोर असतं असं नाही. ती कुणाच्या सोयीसाठी म्यान केली, हे विचारावं लागतं.

यिन्नियांगचा नकार

आता आजचा मुख्य सिनेमा. २०१५ साली तैवानच्या होऊ श्याव-श्येन यांनी ‘द असॅसिन’ केला. कान महोत्सवात त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. कथा थांग राजवटीतल्या एका जुन्या छोट्या गोष्टीवर बेतलेली आहे.

पार्श्वभूमी अशी. आठव्या शतकात, ७५५ साली, थांग साम्राज्यात आन लूशान या सेनापतीचं मोठं बंड झालं. ते आठ वर्षं चाललं. ते मोडलं, पण त्यात दरबाराची ताकद खचली. सरहद्दीवरचे लष्करी सुभेदार नावाला सम्राटाचे, आणि प्रत्यक्षात आपल्या मुलखाचे धनी झाले. मुलगा बापाच्या गादीवर बसू लागला, महसूल दरबारात जाईना. या सुभ्यांत एक बळकट सुभा म्हणजे वेइपो. दरबाराला वेइपो मोडायचा आहे. वेइपोला दरबाराशी उघड लढायचंही नाही आणि झुकायचंही नाही.

वेइपोतल्या एका घरातली मुलगी, न्ये यिन्नियांग. लहानपणीच तिला एका साध्वीकडे सोपवलेलं आहे. ही साध्वी राजघराण्यातली. तिने या मुलीला मारेकरी बनवलं. सिनेमा सुरू होतो तेव्हा यिन्नियांगला एका अधिकाऱ्याला मारायला पाठवलं जातं. ती पोचते, आणि बघते तर त्याच्या मांडीवर मूल झोपलेलं. ती परत येते. गुरू संतापते. शिक्षा म्हणून तिला वेइपोला धाडते, तिथल्या सुभेदाराला, थ्येन ची-आनला मारायला. हा थ्येन तिचा आतेमामे नात्यातला भाऊ, आणि एकेकाळी तिचं लग्न याच्याशीच ठरलेलं होतं. राजकारणासाठी ते मोडलं आणि दुसऱ्या घराण्याशी सोयरीक झाली.

पुढे सिनेमाभर ती पडद्यामागे उभी असते. खरोखरच रेशमी पडद्यांच्या मागे. ती ऐकते. सुभेदाराच्या वाड्यात काय चाललंय, राणी काय करते, कोण कुणाविरुद्ध उभं आहे. तिला मारायच्या संधी मिळतात. ती मारत नाही. शेवटी डोंगरावर जाऊन ती गुरूला कारण सांगते. सुभेदार मेला तर त्याची मुलं लहान आहेत. वेइपोत माजेल तो गोंधळ. म्हणून मारलं नाही. गुरू म्हणते, तुझी विद्या पूर्ण झाली, पण मन कच्चं राहिलं. मग दोघींची एक छोटीशी झटापट होते, आणि यिन्नियांग चालू लागते. दरबाराकडे जात नाही, सुभेदाराकडे जात नाही. आरसे घासणाऱ्या एका साध्या माणसाबरोबर दूर देशी निघून जाते.

‘हीरो’मधला योद्धा आणि ही बाई, दोघांनीही वार टाळला. पण फरक बघा. त्याने वार टाळला तो सगळ्यांत बलाढ्य राजाच्या नावाने. तिने टाळला तो एका मधल्या मुलखातल्या लोकांसाठी, ज्यांच्यावर उद्या दोन्हीकडून घोडे धावले असते. तो राजाचा झाला. ती कुणाचीच झाली नाही.

आपला वेइपो

मित्रहो, हा मधला मुलूख ऐकून तुम्हाला काही आठवलं का? मला पहिल्यांदा सिनेमा बघताना वऱ्हाडच आठवला.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात साखरखेर्डा आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये तिथं लढाई झाली. कुणाची? एका बाजूला निजामुल्मुल्क, दिल्लीची वजिरी सोडून दख्खनेत निघून आलेला. दुसऱ्या बाजूला मुबारिझखान, हैदराबादचा सुभेदार. दोघेही एकाच बादशहाचे नोकर! बादशहा महंमदशहाने निजामाला उघड दुखावलं नाही. आतून मुबारिझखानाला कळवलं, की दख्खनचा सुभा तू घे. निजामाच्या बाजूने त्या वेळी कोण होतं? बाजीराव पेशवा. मुबारिझखान पडला. निजामाने त्याचं शीर दिल्लीला पाठवलं, आणि बंडखोराचा बंदोबस्त झाला म्हणून बादशहाचं अभिनंदन केलं. ज्याने माणूस पाठवला त्यालाच त्या माणसाचं मुंडकं, वर अभिनंदन! बादशहाने काय केलं? पुढच्याच वर्षी निजामाला दख्खनचा सुभा कायम केला आणि ‘आसफजाह’ किताब दिला. आणि चार वर्षांनी, १७२८ साली, त्याच बाजीरावाने त्याच निजामाला पालखेडला कोंडीत पकडलं. सांगा, चिनी पटकथाकाराला याहून जास्त काय सुचलं असतं?

त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षं वऱ्हाडला दोन मालक होते. नाव निजामाचं. चौथाईचा हक्क नागपूरकर भोसल्यांचा. भोसल्यांचे अंमलदार गावोगाव बसलेले, आणि निम्म्याहून अधिक वसूल तेच नेत. हा दुअंमल. आपल्या गावचा पाटील त्या काळात काय करत असेल, विचार करा. एक शिपाई पूर्वेकडून येतो, एक दक्षिणेकडून. दोघांच्याही कमरेला तलवार. याला दिलं तर तो रागावतो, त्याला दिलं तर हा. पाटलाकडेही तलवार असेलच. पण उपसून करायचं काय? एकाला मारलं तर दुसरा खूश होईल, आणि गाव दोन महिन्यांत जळेल. यिन्नियांगला जे डोंगरावर जाऊन बोलावं लागलं, ते इथल्या माणसाला रोजच्या व्यवहारात कळत होतं.

आणि शेवट बघा. २९ नोव्हेंबर १८०३. अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याजवळचं अडगाव. एका बाजूला जनरल वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला. दुसऱ्या बाजूला नागपूरकर भोसल्यांचं सैन्य, राजाच्या भावाच्या हाताखाली, आणि जोडीला शिंद्यांची घोडदळं. गंमत अशी, की सहाच दिवसांपूर्वी शिंद्यांच्या वकिलाने वेलस्लीशी तहकुबीचा करार केलेला होता. त्याची अट होती, की शिंद्यांच्या फौजेने दूर निघून जावं. फौज गेली नव्हती. लढाईच्या दिवशी शिंद्यांचे वकील वेलस्लीच्या छावणीत होते आणि हल्ला करू नका म्हणून विनवत होते. वेलस्लीचं उत्तर असं, की तुम्ही अट पाळली नाही, आणि भोसल्यांशी तर आमचा करारच नाही. लढाई झाली, आपण हरलो. पळालेलं पायदळ मेळघाटाच्या डोंगरात गाविलगडावर चढलं. १५ डिसेंबरला गाविलगडही पडला. बाहेरच्या तटाला तोफांनी खिंडार पाडलं, आतल्या तटावर शिड्या लावून इंग्रज चढले, आणि किल्लेदार बेनीसिंग लढताना मेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांनी सोडला, आणि तो पुढे निजामाकडे गेला. दुअंमल संपला.

या गोष्टीवर कादंबरी आहे का? आहे. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाची. तिचा नायक शार्प नावाचा इंग्रज सैनिक आहे, आणि शेवटी गाविलगडाचा तट तोच चढतो. चिखलदऱ्याला सहलीला जाऊन आपण ज्या दरवाजाखाली फोटो काढतो, त्याची गोष्ट जगभरचे वाचक त्या शार्पच्या डोळ्यांनी वाचतात.

माझं म्हणणं इतकंच आहे. मराठी ऐतिहासिक सिनेमाने आपल्याला गड घेणारे नायक दिले, आणि ते हवेच होते. पण वऱ्हाडचा इतिहास बराचसा दोन सत्तांच्या मध्ये सापडलेल्या माणसांचा आहे. वकील, किल्लेदार, पाटील, आणि साखरखेर्ड्याला मेलेले शिपाई, ज्यांना आपण कुणासाठी मेलो हे नीट सांगताही आलं नसतं. या माणसांसाठी आपल्याकडे पडद्यावरचा साचा नाही, म्हणून त्यांच्या गोष्टी आपल्याला गोष्टीच वाटत नाहीत. चिनी तलवारपटाने तो साचा घडवलेला आहे. तो बघितला, की आपल्याच मातीत काय पडलेलं आहे ते दिसायला लागतं.

प्रश्नोत्तरं

अमरावतीला एका मुलीने विचारलं: मी स्वतः दांडपट्टा शिकते. या सिनेमांत माणसं झाडावरून झाडावर उडतात, ते पाहून हसू येतं. मग त्यातली तलवार खरी कशी मानायची?

उत्तर: चांगला प्रश्न आहे. दांडपट्ट्याची खोबळी कोपरापर्यंत हात झाकते, त्यामुळे मनगट वळत नाही. म्हणून तुमचा वार खांद्यातून, कमरेतून येतो, आणि सगळं अंग फिरतं. चिनी ‘ज्येन’ ही सरळ, दुधारी, हलकी तलवार. तिचा खेळ मनगटाचा. त्या सिनेमांचा मूळ आधार मात्र आखाडा नाही, पेकिंग ऑपेरा आहे. किंग हूचे लढाईचे दिग्दर्शक तिथूनच आलेले. डफ-झांजांच्या ठेक्यावर पावलं, मग एकदम थबकणं. उड्यांसाठी ते उसळणारी जाळी वापरत आणि उडी मधेच कापून दुसऱ्या दृश्याला जोडत. तारांनी तरंगणं हे पुढे वाढलं. आपल्या तमाशातला राजा एक गिरकी घेतो आणि मजल दरमजल करत दुसऱ्या गावी पोचतो. आपण हसतो का? नाही, तो संकेत आहे. तसंच हे उडणं. ‘द असॅसिन’मध्ये मात्र उडणं जवळजवळ नाही. लढती छोट्या, तुटक आहेत. तुम्ही शिकता आहात, तर त्यातले पाय बघा. कुठला पवित्रा हल्ल्याचा आहे आणि कुठला निघून जाण्याचा, हे तुम्हाला आमच्यापेक्षा आधी कळेल.

अकोल्याला मागच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं: सर, तुमचं सगळं पटलं. पन मंग आपल्या इकडं असा शिनेमा काहून नाई निंगत? पैसा नाई म्हणून?

उत्तर: काका, पैसा लागतोच. घोडे, तोफा, गड उभा करायचा तर फार लागतो. पण ‘ड्रॅगन इन’ आठवा. एक सराई, आठदहा माणसं, आणि कोण कुणाचा ते माहीत नाही. आपल्याला काय लागेल? बाळापूरच्या वाटेवरची एक धर्मशाळा. पावसाळ्याची रात्र, मन नदीला पूर, पलीकडे जाता येत नाही. एका ओट्यावर निजामाचा वसुलीदार, दुसऱ्यावर भोसल्यांचा. मध्ये गावचा पाटील, आणि त्याच्याकडे वसूल एकालाच पुरेल इतका. सगळ्यांजवळ तलवारी. पाणी उतरेपर्यंत तिथून कुणीही हलू शकत नाही.

इतकं तुमच्या कॉलेजच्या गॅदरिंगलाही करता येईल. एकच अट. पाटलाने काय केलं, हे लिहिणाऱ्याने आधी ठरवायचं नाही. लिहिता लिहिता शोधायचं.